शाश्वत राहणी तुम्ही कुठून शिकलात? पाहून-वाचून हातून खरंच काही घडलं, असेच दुवे सांगा

रानजाई | ४ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं रात्रीची जेवणं आटोपली की मी तासभर तरी कचरा, खत, बाग, पाणी, सौर ऊर्जा असल्या विषयांवरचे व्हिडिओ पाहते, लेख वाचते. ठाण्यात फ्लॅटमध्ये राहतो. आम्ही दोघं, सासूबाई आणि पाच वर्षांचा मुलगा. परवा सहज मनाशी मांडलं की या सगळ्यातून घरात काय बदललं. बांबूचे चार ब्रश, स्टीलच्या दोन स्ट्रॉ, एकसारख्या सहा काचेच्या बरण्या आणि तीन आठवड्यांत बंद पडलेला एक खताचा डबा. सगळं विकत आणलेलं. कचऱ्याची बादली पूर्वी जेवढी भरायची तेवढीच अजून भरते. मला याचं खरंच वाईट वाटलं.

पाहताना हुरूप येतो, सकाळी ओट्याशी उभं राहिलं की काय करायचं ते सुचत नाही. बरेचसे व्हिडिओ परदेशातले. तिथली हवा कोरडी, अंगण मोठं. आपल्याकडचे असतात त्यांत शेवटी काहीतरी विकायला काढलेलं असतं.

म्हणून इथे विचारते. नुसती दुव्यांची यादी नको, ती माझ्याकडे भरपूर आहे. तुम्ही कुठून शिकलात, त्यातलं काय केलं आणि कुठे फसलं, हे तिन्ही सांगाल का? मराठीतलं असेल तर फार बरं, सासूबाईंनाही दाखवता येईल. त्यांना या विषयात माझ्याहून जास्त गती आहे.

गच्चीवरची तुळस | ४ जून, रात्री ११:०५

रानजाई, तो डबा टाकून देऊ नका. खतापासूनच सुरुवात करा. घरातल्या कचऱ्यातला मोठा वाटा ओल्याचा असतो, त्यामुळे फरक लगेच बादलीत दिसतो.

मी पुण्यात आठ वर्षं घरी खत करते. माझाही पहिला संच विकतचाच होता आणि वासामुळे बंद पडला. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, 'कचरा टाका, वर पावडर भुरभुरा, झाकण लावा.' का, किती, कधी याचा पत्ता नाही. पुढे एका लेखात कर्ब आणि नत्राचं गुणोत्तर वाचलं आणि सगळं उलगडलं. जिवाणूंना साधारण २५ ते ३० भाग कर्बामागे १ भाग नत्र लागतं. भाजीची देठं, साली, चहाचा चोथा यांत नत्र जास्त आणि पाणी तर खूपच. वाळका पाला, लाकडाचा भुसा, कोकोपीट यांत कर्ब. नुसतं ओलं टाकत गेलं की ते दबतं, आतली हवा संपते, हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि सडका वास सुटतो. वास आला की पाला कमी पडला असं समजायचं. पावडरीचा त्यात फारसा संबंध नाही.

माझं माप असं: एक वाटी ओलं, तर एक ते दीड वाटी चुरलेला पाला. आठवड्यातून दोनदा वरखाली करायचं. मूठभर घेऊन पिळलं तर बोटांच्या फटीत ओल दिसावी, धार लागू नये. विरजणासाठी पहिल्या दिवशी आंबट ताकाचा हबका किंवा कुणाकडचं तयार खत मूठभर. बंगळुरूच्या 'डेली डंप'चं पानही पाहा. त्यांनी मातीच्या खतकुंड्यांचे आराखडे खुले ठेवले, म्हणजे आपल्याकडच्या कुंभाराकडूनही तशी कुंडी घडवून घेता येते. मी तेच केलं.

शहरात पाला कुठून आणायचा? फेब्रुवारी ते एप्रिल पानगळीत रस्तोरस्ती ढीग लागतात आणि लोक ते जाळतात. पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाचा गट ज्यांच्याकडे पाला आहे आणि ज्यांना तो हवा आहे, त्यांची गाठ घालून देतो. मला वर्षाची आठ-दहा पोती तिथूनच मिळतात. माझ्या मते हा सगळ्यात उपयोगी प्रकारचा स्रोत. तिथे ज्ञान अगदी थोडं, पण माणूस भेटतो.

आता हुरूप यावा म्हणून एकच गोष्ट. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२च्या सुमारास स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. सुमारे ३,००० चौरस फूट, नारळापासून पालेभाजीपर्यंत. त्यांना वाट दाखवली ती डॉ. आर. टी. दोशींच्या शहरशेतीने. दोशी वांद्र्याच्या गच्चीवर उसाच्या चिपाडात भाज्या पिकवत. रसवंतीबाहेर पोत्याने पडलेलं ते चिपाड! या दोघांच्या कामाबद्दल जालावर भरपूर वाचायला मिळेल. ठाण्याचं हवामानही तेच, तोच पाऊस, तोच दमटपणा. माझ्या दृष्टीने हे महत्त्वाचं.

सोनचाफा | ५ जून, सकाळी ७:१५

धाग्याची वाचनखूण साठवली. तुळसताई, झाडांना द्यायच्या अमृतजलाबद्दलही लिहा ना.

गच्चीवरची तुळस | ५ जून, सकाळी ८:३०

सोनचाफा, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ, १० लिटर पाणी. तीन दिवस ठेवायचं, रोज दोन-तीनदा ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाण्यात मिसळून वापरायचं. फ्लॅटमध्ये शेणाचा प्रश्न असतो. नुसत्या घरच्या खतावरही कढीपत्ता, मिरची, अळू, पुदिना उत्तम होतात, आधी तेवढं करा.

कोरडवाहू | ५ जून, दुपारी २:२०

रानजाईताई, आमचं गाव साताऱ्यातल्या कोरेगाव तालुक्यात. २०१६ साली पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत झाली, वरुड, अंबाजोगाई आणि आमचा कोरेगाव. तेव्हापासून त्यांचे व्हिडिओ पाहतोय. सगळे मराठीत, फुकट, आणि शेतकऱ्याला कळेल असे. सासूबाईंना जरूर दाखवा.

आमच्याकडं पहिल्यांदा देवळात भिंतीवर पडदा लावून दाखवले. ए-फ्रेम कशी करायची ते मी तिथं शिकलो. दोन सारख्या काठ्या, मध्ये आडवी पट्टी, वरून दोरीला दगड. जमिनीवर उभी करायची, दोरी पट्टीवर जिथं येईल तिथं खूण. मग पाय उलटेपालटे करून पुन्हा खूण. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे समतल. इंजिनिअरशिवाय डोंगरावर समपातळी रेषा आखता येते हे डोळ्यांनी बघितल्यावर गावात जो जोर आला, तो भाषणानं कधी आला नव्हता.

फसलं कुठं तेही सांगतो, कारण ताईंनी विचारलंय. पहिल्या आठवड्यात घाईनं आम्ही खालचा नाला रुंद करायला घेतला. मशिन लावलं की काम दिसतं म्हणून. वर माथ्यावर काहीच नाही. वळवाचा एक मोठा पाऊस आला आणि वरची माती वाहून खालचा नाला निम्मा भरला. व्हिडिओत 'माथा ते पायथा' शंभरदा सांगितलं होतं, आम्ही ऐकलंच नव्हतं. दुसरी चूक त्याहून मोठी. विहिरींना पाणी चढलं, तसा दोन वर्षांत निम्म्या गावानं ऊस लावला. पुन्हा मार्चात विहिरी तळाला. खोदायचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले, पाण्याच्या ताळेबंदाचे कुणी पाहिले नाहीत. हिवरे बाजारात दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पिकं ठरवतात, शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. ते काही आजचं नाही, पोपटराव पवार १९९० पासून सांगतायत. पण बंधारा दाखवला की टाळ्या पडतात आणि ताळेबंद सांगितला की माणसं उठून जातात.

आता आम्ही तेवीस जण 'डिजिटल शेतीशाळे'त एकत्र बसतो. एकाच्या मोबाईलवर तज्ज्ञ बोलतो आणि लगेच दुसऱ्या दिवशी एकाच्या रानात करून बघतो. एकट्यानं पाहिलेला व्हिडिओ आमच्याकडं तरी रानापर्यंत पोचला नाही.

रानजाई | ५ जून, रात्री १०:१०

कोरडवाहू दादा, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांचं माहेर माणचं. ताळेबंदापाशी त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग म्हणाल्या, आमच्या विहिरीवर पाण्याच्या पाळ्या होत्या, पाळी मोडली तर भाऊसुद्धा भावाशी बोलत नसे.

तुळसताई, पाल्याची चौकशी सुरू केली आहे. आमच्या सोसायटीचा पाला मार्चमध्येच ट्रकमधून गेला असं कळलं.

चिरेबंदी | ६ जून, सकाळी ११:४५

मी सिंधुदुर्गात तीन वर्षांपूर्वी घर बांधलं. त्याआधी वर्षभर वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या पुस्तिका वाचत होतो. जालावर फुकट मिळतात, स्वतः काढलेल्या चित्रांसकट, इंग्रजी अगदी सोपं. हा माणूस १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मला, आयुष्य भारतात काढलं, २००७ साली तिरुवनंतपुरमला गेला. मुंबईत गांधीजींशी भेट झाली होती. पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानातून घर बांधावं, हा त्यांचा विचार बेकरांनी जन्मभर धरून ठेवला.

मला त्यांचा 'रॅट ट्रॅप बाँड' फार आवडला. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचायच्या, भिंतीच्या पोटात पोकळी राहते. चौथाई विटा वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊन आत कमी येतं. ठरवलं, आपलं घर असंच. गवंडी तयार केला, नमुन्याची भिंतही उभी केली. विटा घाटावरून मागवल्या होत्या. कडा वाकड्यातिकड्या, कडेवर उभी केलेली वीट डुगडुगायची, सांधे भरायला मालच जास्त लागायला लागला. गवंडी बिचारा दोन दिवस झगडला.

तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, आपल्या गावात चिऱ्याची खाण आहे, आणि तुम्ही दीडशे किलोमीटरवरून वीट आणून बेकर बांधताय? मी त्या रात्री पुस्तिका पुन्हा उघडली. बेकरांनी केरळात वीट वापरली कारण ती त्यांच्या शेजारी भाजली जात होती. आम्ही चिऱ्याचंच घर बांधलं, बाहेरून गिलावा नाही. बेकरांचं एक मात्र जसंच्या तसं घेतलं, फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताण घेतच नाही, ते काम सळीचं. म्हणून सळ्यांच्या मधल्या चौकोनांत जुनी मंगलोरी कौलं बसवली. शेजारच्या पडक्या शाळेची कौलं होती, फुकट मिळाली. खालून छत सुंदर दिसतं आणि मे महिन्यात खोली सोसवते.

पाबळच्या विज्ञान आश्रमाचं संकेतस्थळही पाहा. डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केलेली संस्था, गावातल्या मुलांना हातांनी काम करत शिकवणारी. तिथे मराठीतलं लिखाण मिळतं, आणि ते काम करणाऱ्या माणसाने लिहिलंय हे दुसऱ्याच वाक्यात कळतं.

सरळरेष | ६ जून, संध्याकाळी ६:३०

सगळ्यांबद्दल आदर ठेवून एक वेगळं मत मांडतो. मी सहा वर्षं घरात ओला-सुका वेगळा करतोय. परवा खिडकीतून पाहिलं, आमच्या शहराच्या घंटागाडीने दोन्ही बादल्या एकाच हौदात ओतल्या. त्या दिवशी मला रडू यायचं बाकी होतं. घनकचरा नियमांत वर्गीकरण घराघरावर बंधनकारक आहे, मग गाडी ते का पाळत नाही? घरगुती उपायांचे व्हिडिओ पाहून आपल्याला वाटतं आपण काहीतरी केलं, आणि नगरपालिकेला प्रश्न विचारायचं राहून जातं. मला प्रेरणा नको आहे, अर्ज कसा लिहायचा ते शिकवणारा दुवा हवा आहे.

गच्चीवरची तुळस | ६ जून, रात्री ९:५०

सरळरेष, तुमचं दुःख मला पोचलं. पुण्यातही हे एका दिवसात झालं नाही. कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत बांधली आणि त्यातूनच पुढे २००८ साली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर दारोदारचा कचरा गोळा करायला लागली. सुका माल विकून मिळणारा पैसा त्यांचा असतो, म्हणून वर्गीकरण नीट झालं की नाही यात त्यांचं पोट आहे. गाडीवाल्याचं नसतं. आपल्या गाडीवर काय मिसळतं हे त्या पैशाच्या वाटेवरून शोधा, अर्जात तोच मुद्दा घाला. 'स्वच्छ'च्या पानावर त्यांची सगळी पद्धत वाचायला मिळते. सॅनिटरी पॅड वेगळं गुंडाळून वर लाल ठिपका काढायची सवय मला त्यांच्याच मोहिमेने लावली. ज्या बाईला ते हाताने उचलावं लागतं, तिच्यासाठी एवढं तरी.

चिरेबंदी | ६ जून, रात्री १०:३०

सरळरेष, वेंगुर्ल्याची माहिती काढून तुमच्या नगरसेवकासमोर ठेवा. छोटी नगरपरिषद, पैसा बेताचा. कचरा घरातच वेगवेगळा घ्यायला सुरुवात केली, ओल्यापासून बायोगॅस, प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात, आणि जिथे कचऱ्याचा डोंगर होता त्या जागेचं स्वच्छ भारत पर्यटनस्थळ केलं. मी पाहुण्यांना आवर्जून घेऊन जातो. वास नाही. 'विकल्प संगम' या संकेतस्थळावर देशभरातल्या अशा कामांच्या हकीगती आहेत, पुण्याच्या 'कल्पवृक्ष'ने पुढाकार घेऊन चालवलेलं आहे. अर्जाला जोडायला उदाहरणं तिथे सापडतील.

खाडीकाठ | ७ जून, सकाळी ९:००

सगळे शाकाहारी बोलतायत, म्हणून मी माशांचं लिहितो. रत्नागिरीकर आहे, मुंबईत नोकरी.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांचा विणीचा काळ, समुद्र खवळलेला. आमच्या घरी या दोन महिन्यांत सुकट, सोडे, खारा बांगडा, नाहीतर खाडीतलं जे हाती लागेल ते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की पुन्हा ताजं. मुंबईत आल्यावर बाराही महिने सुरमई-पापलेट बर्फात दिसायला लागलं आणि मीही घ्यायला लागलो. 'नो युअर फिश' नावाचं पश्चिम किनाऱ्यासाठीचं महिनावार कॅलेंडर जालावर सापडलं, तेव्हा डोळे उघडले. कुठल्या महिन्यात कुठला मासा विणीला असतो, तेव्हा तो टाळून काय घ्यावं, एवढं साधं. ते छापून फ्रिजवर लावलं आहे.

पापलेटचा जीव लहानपणीच जातो हे तेव्हा कळलं. तळहाताएवढी पापलेटं स्वस्त मिळतात म्हणून आपण आनंदाने घेतो, पण त्यांनी एकदाही अंडी घातलेली नसतात. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं. मी आता छोटं पापलेट घेत नाही, हंगामात तारली, बांगडा, मांदेली घेतो. हे मासे लवकर वाढतात, लवकर प्रजनन करतात, आणि चवीला कुठे कमी आहेत?

फसलं ते असं की बाजारातली कोळीणमावशी कॅलेंडर पाहून रागावली. म्हणाली, माझ्या टोपलीत जे येतं ते मी विकते, ट्रॉलरवाल्याला दाखव. बरोबर होतं तिचं. आता मी जाऊन आधी तिलाच विचारतो, आज जाळ्यात काय जास्त आलं? ते घेतो. तिचा माल खपतो, मला ताजा मिळतो.

सोनचाफा | ७ जून, दुपारी १२:४०

खाडीकाठ, फार छान प्रतिसाद. रानभाज्यांसाठी असं काही आहे का? टाकळा, कुर्डू ओळखता येतात, पुढे गाडी अडते.

खाडीकाठ | ७ जून, दुपारी १:१५

'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल'वर फोटो टाकले तर जाणकार ओळखून देतात. पण फोटोवरून ओळखलेलं थेट कढईत टाकू नका. शेवळं बाजारातूनच घ्या, आणि काकडांबरोबर (रानातली आंबट फळं) किंवा चिंच-आमसूल घालूनच शिजवा, नाहीतर घसा असा खवखवतो की विचारू नका. त्यांत सुईसारखे ऑक्झलेटचे कण असतात. कातकरी बायका भाजीसोबत काकडं देतातच. भाजी कशी करायची ते त्यांनाच विचारा, त्या आनंदाने सांगतात.

मीटरवाचक | ८ जून, रात्री ८:२०

माझा विषय वीज. स्रोत अगदी रुक्ष आहे, ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं, म्हणजे तारांकन देणाऱ्या सरकारी संस्थेचं संकेतस्थळ. फ्रिज असो की एसी, कुठलंही मॉडेल काढा, वर्षाला किती युनिट खातं ते दिसतं. जाहिरातीपेक्षा मला हा आकडा जास्त प्रेरणा देतो.

घरातला जुना पंखा ७५ वॅटचा. बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या मोटरचा पंखा २८ ते ३५ वॅट. दिवसाला १२ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १४ ते १७ युनिट वाचतात. तीन पंखे बदलले, पन्नासच्या आसपास युनिट कमी झाले. आपल्याकडच्या विजेत कोळसा जास्त, एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे महिन्याला ३५ किलो. आणि १५ लिटरची बादली २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला पाव युनिट लागतं. शॉवरखाली ६० लिटर गेले की एक युनिट. हे गणित मुलाकडून वहीत करून घेतलं, तेव्हापासून तो बादलीने अंघोळ करतो. सांगावं लागत नाही.

स्वतःचं छत असेल तर सौर पॅनेलसाठीच्या सूर्यघर योजनेचं पोर्टल पाहा. २०२४ साली सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तीन किलोवॅट किंवा त्यावर एकूण ७८,००० रुपये अनुदान. फ्लॅटवाल्यांसाठी, सोसायटीच्या सामायिक विजेला किलोवॅटमागे १८,००० आहे. एका किलोवॅटला शंभरेक चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, दिवसाला साधारण चार युनिट मिळतात.

माझं चुकलं ते सावलीत. डिसेंबरात शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली सकाळी दोन तास दोन पॅनेलवर पडते. सर्वेक्षण मे महिन्यात झालं होतं, तेव्हा सूर्य डोक्यावर होता. कोण बसवणार असेल तर हिवाळ्यातली सावली आधी काढून घ्या.

नेकारकाठ | ९ जून, पहाटे ३:०५

जर्मनीतून लिहितेय. इथे प्लास्टिकच्या (पेट) बाटलीवर २५ सेंट अनामत असते, बाटली यंत्रात परत टाकली की पैसे परत. रस्त्यावर बाटली दिसत नाही.

पण मला सांगायचं आहे ते दुरुस्तीबद्दल. लग्नात मिळालेला मिक्सर भारतातून आणला होता, तो बंद पडला. इथे कुणी हात लावेना, नवा घ्या म्हणाले. जवळच्या रिपेअर कॅफेत नेला. २००९ साली अॅमस्टरडॅमला सुरू झालेली ही कल्पना, आता कितीतरी देशांत आहे, त्यांच्या संकेतस्थळावर नकाशा मिळतो. एक निवृत्त आजोबा शेजारी बसले, पण स्क्रू मलाच काढायला लावले. मोटरचे कार्बन ब्रश झिजले होते. एवढंसं. ब्रश आईने पुण्याहून पाठवले. त्या दिवसापासून 'आयफिक्सिट'वरच्या पायरी-पायरीच्या फोटोंवरून मी फोनची बॅटरीही बदलली.

आपल्याकडे हे आजोबा गल्लीत दुकान टाकून बसलेले आहेत, कुकरची शिट्टी, मिक्सर, इस्त्री सगळं करतात. कृपा करून त्यांच्याकडे जात राहा. इथे ती माणसं उरली नाहीत म्हणून कॅफे काढावा लागला.

आणखी एक, 'लो-टेक मॅगझिन'. यांचं संकेतस्थळ २०१८पासून बार्सिलोनात सौर पॅनेलवर चालतं, बरेच दिवस ऊन नसलं की बंद पडतं. पानाच्या बाजूला बॅटरी किती उरली ते दिसतं. गवताच्या पेटीत उकळतं भांडं ठेवून शिजवण्याबद्दल तिथेच वाचलं. मी उकळतं भांडं जुन्या गोधडीत गुंडाळून टोपलीत ठेवते. भाताला जमतं, तुरीच्या डाळीला छान जमतं. राजमा पहिल्यांदा कच्चा राहिला. तो कच्चा खाऊच नये, पोट बिघडतं. रात्रभर भिजवलेलं पाणी टाकून, आधी वीस मिनिटं खळखळून उकळून मग गुंडाळते.

सरळरेष | १९ जून, रात्री ९:१५

तुळसताई, चिरेबंदी, धन्यवाद. अर्ज दिला. वेंगुर्ल्याचे फोटो जोडले. आरोग्य निरीक्षकांनी बसवून घेतलं आणि गाडीला मधलं पार्टिशन नाही हे मान्य केलं. आमच्या प्रभागातल्या एका गाडीला पत्र्याचं पार्टिशन लावून देतो म्हणाले आहेत. लागलं की इथे लिहितो.

रानजाई | १४ जुलै, रात्री १०:२५

मंडळी, २१ जूनला सुरुवात केली, आज चोविसावा दिवस. जुनाच डबा, खाली सळई तापवून भोकं पाडली. रोज किती ओलं निघतं ते सासूबाई वजनकाट्यावर तोलतात आणि कॅलेंडरवर लिहितात. पहिल्या आठवड्यात रोज सरासरी ८५० ग्रॅम. गेल्या आठवड्यात ६००. तोलायला लागल्यापासून त्यांना कोथिंबिरीच्या काड्या, दुधीची सालं, फ्लॉवरची पानं दिसायला लागली. काड्या आमटीत, सालांची चटणी, पानांची भाजी. हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. ओल्याची पिशवी तीन आठवड्यांत एकदाही खाली गेलेली नाही.

व्हिडिओ आता फक्त रविवारी पाहतो, सगळे मिळून. कोरडवाहू दादा, ए-फ्रेम मुलाने आइसक्रीमच्या काड्यांची केली आहे.

एक अडचण. दोन दिवसांपासून डब्यात बोटाच्या पेराएवढ्या करड्या, चपट्या, जाड कातडीच्या अळ्या दिसतायत. खूप आहेत. वास थोडा आहे. फेकून द्यावं लागेल का? आणि पाला संपला, पावसात कुठेच कोरडा मिळत नाही.

गच्चीवरची तुळस | १४ जुलै, रात्री १०:५०

फेकू नका! त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या आहेत. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, घरमाशीला उलट दूर ठेवतात. कचरा भराभर संपवतात. फक्त त्या आल्या म्हणजे आत ओल जास्त झाली आहे. दोन दिवस नवं ओलं टाकू नका, वरखाली करा, झाकण किंचित उघडं ठेवून वर जुनं सुती कापड बांधा. आणि कोरडं भरपूर घाला. पाला नसेल तर सुताराकडचा रंधा मारलेला भुसा चालेल, पण सागाचा किंवा देवदाराचा घ्या. प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो.

रानजाई | १६ जुलै, सकाळी ७:४०

कोपऱ्यावर सुतारकाका आहेत. त्यांनी एक पोतं भुसा दिला, पैसे घेतले नाहीत, खत झालं की त्यांच्या जास्वंदीला मूठभर द्यायचं ठरलं. वास गेला. अळ्या आहेत अजून, मुलगा रोज सकाळी दात घासायच्या आधी त्यांना बघून येतो. सासूबाईंनी कॅलेंडरवर आजचा आकडा लिहिला, ५४०.